डावी खोबण

आमच्या खात्यात पेशंट आधी खोटं बोलतो आणि मग त्याचं चित्र निघतं. कधी पडलेच नाही म्हणणाऱ्या बाईच्या जुन्या मोडलेल्या फासळ्या पडद्यावर ओळीनं उभ्या राहतात, आणि नवरा शेजारी बसून चहा पीत असतो. खोटं पकडल्याचा आनंद मला कधी झाला नाही. राग मात्र येतो, कारण बहुतेक वेळा ते खोटं पेशंटचं नसतंच. ते त्याच्यासोबत आलेल्या माणसांचं असतं.

शालन आली ती दोन हजार आठच्या श्रावणात. आमचं यंत्र तेव्हा नवं होतं. शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध द्यायचं, ते हाडांत जाऊन बसलं की कॅमेऱ्यानं सगळं शरीर टिपायचं, आणि कुठं शंका आली तर त्याच टेबलावर सीटी काढून दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवायची. कॅमेरा सांगतो हाड कुठं जागं आहे आणि कुठं निजलंय, सीटी सांगते तिथं नेमकं काय आहे.

शालन राधानगरीकडची सून, जेमतेम चोविशीतली. मांडीच्या हाडात गाठ. तुकडा तपासून ती कॅन्सरची असल्याचं आधीच कळलं होतं, आणखी कुठं पसरलीय का एवढंच मला बघायचं होतं. सोबत नवरा जोतीराम, गावच्या दूध डेअरीत कामाला. सासू बायडाबाई. शिवाय गडहिंग्लजकडून खास आलेली आई चिमणाबाई आणि तिच्या कडेवर शालनची पोरगी अनुजा, नुकती दोन वाक्यं बोलायला लागलेली.

सगळ्यांना विचारते तेच मी विचारलं. आधी कुठलं ऑपरेशन झालंय? लहानपणी मोठं आजारपण? कधी शेक, म्हणजे कॅन्सरवरची किरणं, घेतलाय?

शालननं तोंड उघडायच्या आत सासू बोलली. ‘‘कायबी न्हाय बगा. आमच्यात आल्यापास्नं साधा ताप न्हाय हिला. बघून-सवरून केलीया की आमी.’’

‘‘मी तिला विचारतेय.’’

‘‘न्हाय,’’ शालन म्हणाली. मान खाली, पदर कपाळावर, नजर स्वतःच्या पायाच्या बोटांवर.

मी जोतीरामकडे बघितलं. ‘‘कायबी न्हाय, म्याडम,’’ तो म्हणाला आणि आईकडे बघितलं.

‘‘एवढ्या वर्सांत कुनाशी डोळा वर करून बोलली न्हाय,’’ बायडाबाईला सुनेचं कौतुकच सुचत होतं. ‘‘बघाय गेलतो तवाच मी म्हटलं, हीच. बाकीच्या पोरी टकामका बघत बसत्यात. ही पोह्याची ताटली दिऊन जी खाली बघितली ती बघितलीच. आता असल्या सुना मिळत्यात व्हय? बरं, आडनाव काय म्हनायचं तुमचं?’’

‘‘कांबळे. डॉक्टर संघप्रिया कांबळे.’’

‘‘असू दे, असू दे,’’ ती म्हणाली. जणू मी तिची माफी मागितली होती.

इंजेक्शननंतर भरपूर पाणी प्यावं लागतं. आमचा टेक्निशियन अतुल जग घेऊन आला, तर बायडाबाईनं तो बोटानं बाजूला सारला आणि पिशवीतून घरची बाटली काढली. मला हे नवीन नव्हतं. मी शालनला म्हटलं, कुठलंही पी, पण पी. आणि सगळ्यांना बजावलं की औषध अंगात आहे तोवर पोरगी हिच्याजवळ न्यायची नाही. आईच्या अंगातून किरण बाहेर पडत असतात, लहान लेकराला ते नकोत. उद्यापर्यंत मांडीवर घ्यायचं नाही. शालननं हे मात्र मन लावून ऐकलं. पोरगी हात पसरून तिच्याकडे झेपावली तेव्हा ती दोन पावलं मागं सरली.

दुपारी चित्र निघालं. मांडीतली गाठ ठळक पेटलेली, बाकी हाडं स्वच्छ. एवढ्यावर मी खूश व्हायला हवं होतं. पण अतुल म्हणाला, ‘‘मॅडम, हिनं डोकं हलवलंय वाटतं. चेहरा वाकडा आलाय.’’

चेहरा खरंच एका अंगाला पडलेला दिसत होता. उजव्या डोळ्याभोवतीचं हाड नेहमीसारखं, डावीकडचं फिकट. डावी खोबण लहान. डोकं तिरकं झालं की असं होतं, पण मग जबडाही तिरका यायला हवा. जबडा सरळ होता. मी म्हटलं, डोक्याचं जोडचित्र काढ.

डोळा सीटीवर एकदा बघितला की विसरत नाही. गोल गोटी, तिच्या पुढच्या अंगाला भिंगाचा बारीक पांढरा तुकडा आणि पाठीमागून मेंदूकडे जाणारी नस. उजवा डोळा तसाच होता. डावीकडे एक गुळगुळीत गोळा, त्यात भिंग नाही, काहीच नाही. त्याच्यापुढं एक पातळ वाटी. मागची नस वाळून दोऱ्याएवढी राहिलेली. डोळा काढून आत गोळा बसवलेला आणि वरून खोटा डोळा लावलेला. आणि मला तीन माणसांनी तोंडावर सांगितलं होतं, ऑपरेशन नाही!

मी चिडले, पण चिडून तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पुढचं दिसायला लागलं तसा राग गेला. कारण ती खोबण लहान होती. लहान मुलाच्या डोळ्याची खोबण वाढते ती आत डोळा वाढतो म्हणून. हिचा डोळा मोठेपणी गेला असता तर खोबण उजवीएवढीच राहिली असती. म्हणजे डोळा गेला तो अगदी तान्हेपणी. आणि फक्त खोबण नाही, बाजूचं कानशिलाचं हाडही खोल गेलेलं, वाढ खुंटलेली, औषध न पिणारं. असं हाड शेक दिल्यावर होतं. तान्ह्या पोराचा डोळा काढून वर शेक देतात तो एकाच आजारात, डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरमध्ये. असा कॅन्सर जन्माला येतानाच रक्तात घेऊन आलेल्यांना पुढं तरुणपणी हाडाचा कॅन्सर धरण्याचा धोका मोठा. मांडीतली गाठ आणि डोळ्याची खोबण ही एकाच आजाराची दोन टोकं होती.

हा आजार आईकडून लेकराला जातो. दोनातल्या एकाला जातो म्हटलं तरी चालेल. आणि तो बाळपणीच उगवतो.

मी जोतीरामला एकट्याला आत बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. ‘‘हा डोळा खोटा आहे. माहीत होतं?’’

तो आधी दाराबाहेर बघून आला, मग बसला. ‘‘व्हय. लगीन झाल्यावर तिनंच सांगिटलं. रडली लई. म्या म्हटलं, असू दे. आईला म्हाईत न्हाय, म्याडम. मोरीत दार लावून धुती ती. लोकास्नी वाटतंय जरा तिरळी हाय म्हनून. आईला कळलं तर—’’

‘‘कशानं गेला डोळा?’’

‘‘काटा लागला. बाभळीचा. रांगताना.’’

‘‘हे कुणी सांगितलं?’’

‘‘तिनं. तिला तिच्या आयनं.’’

‘‘काट्याला कुणी शेक देत नाही,’’ मी म्हटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तो मला आवडला होता. इतकी वर्षं आईपासून बायकोचं गुपित सांभाळणारा नवरा आमच्याकडं रोज दिसत नाही.

पोरीला बघायला मी बाहेर गेले. लोडशेडिंग होतं, जनरेटर यंत्रापुरता. हॉलमध्ये अर्धा अंधार, आणि त्यात बायडाबाई चार अनोळखी बायका जमवून बसलेली. अनुजा तिच्या मांडीवर. ‘‘असं अंधारातनं बगा,’’ ती सांगत होती, ‘‘दाराचा उजेड पडू दे हिच्या तोंडावर. दिसलं? उजवा डोळा कसा लकाकतोय! सांजचं दिवा लावला की गल्लीतल्या बाया बघाय येत्यात. अंबाबाईनं सवताचा दिवा ठेवलाय पोरीच्या डोळ्यात.’’

एका बाईनं खरोखरच हात जोडले.

मी पोरीला तिच्या मांडीवरून उचललं. चिमणाबाई कुठूनशी धावत आली आणि माझ्यामागोमाग आत शिरली. टॉर्च मारली. उजव्या बाहुलीच्या काळ्या जागी मागं पांढुरकं काहीतरी, मांजराच्या डोळ्यासारखं चमकणारं. त्या डोळ्यासमोर खेळणं हलवलं तर पोरीची नजर हलेना. डावा झाकल्यावर ती रडायला लागली, कारण तिला काही दिसेना.

‘‘आजी,’’ मी म्हटलं, ‘‘शालनच्या डोळ्याला काय झालं होतं?’’

‘‘काटा—’’

‘‘खरं सांगा.’’

चिमणाबाईनं पोरीला माझ्याकडून घेतलं, छातीशी धरलं. आवाज न करता रडणाऱ्या बायका असतात, त्यातली ती. ‘‘गाठ व्हती, अक्का. मिरजंला काढली. शेक दिला. डाक्टर म्हनला, पोरगी वाचली हेच लई. आमचे मालक तवाच बोलले, कॅन्सर म्हनून कुनाला कळलं तर ही जन्मभर आपल्याच दारात. काटा म्हनायचं. ती बोलाय लागली तवा तिलाबी काटाच सांगिटलं.’’

‘‘आणि शालनला तेव्हा आधी काय दिसलं होतं डोळ्यात?’’

तिनं पोरीचं डोकं खांद्यावर दाबलं.

‘‘असंच चमकत होतं?’’

‘‘व्हय.’’

‘‘हिच्या डोळ्यात तुम्ही कधी बघितलंत?’’

‘‘दिवाळीला आलतो न्हवं. पणत्या लावल्या व्हत्या दारात. विहीणबाई सगळ्यास्नी दावत व्हत्या, दिवा म्हनून.’’ तिनं पदर तोंडात कोंबला. ‘‘अक्का, वळखलं की मी. म्या न्हाय वळखायचं तर कुनी?’’

दिवाळी ते श्रावण. एखादा बारीक ठिपका वाढून सगळा डोळा भरायला एवढे महिने पुष्कळ झाले. दिवाळीत आणली असती तर लेझरवर भागलं असतं, डोळा राहिला असता. शालनच्या खोट्या डोळ्यापासून पोरीच्या डोळ्यापर्यंत सगळं मी तिला सांगितलं. मऊ करून सांगितलं नाही. मला मऊ बोलायचंच नव्हतं.

‘‘सांगिटलं असतं तर शालनला त्याच दिवशी माघारी धाडली असती,’’ ती म्हणाली. ‘‘म्या म्हटलं, पोरीचा डोळा जाईल. गेला तर गेला. एका डोळ्यानं शालनचंबी निभावलंय की. पर नवऱ्यानं टाकलेली बाई कुटं जाती?’’

मागं काहीतरी हललं म्हणून मी वळले. शालन आतल्या खोलीतून उठून दारात आली होती. पाय ओढत, भिंत धरत. पोरीपासून लांब राहायचं म्हणून उंबऱ्यावरच थांबली होती. तिनं पहिल्यांदा मान वर केली होती, आणि मला तिचे दोन्ही डोळे दिसले. एक आईकडे बघत होता, दुसरा कुठंच नाही.

‘‘आये,’’ ती म्हणाली, ‘‘तुला दिवाळीलाच कळलं व्हतं?’’

चिमणाबाईला उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. तिच्या रडण्यापेक्षा माझा आवाज मोठा होता आणि आमच्या दारांना जाडी नाही. बायडाबाई आत आली. मागं जोतीराम, त्याच्यामागं हॉलमधल्या त्याच चार बायका.

‘‘कुनाचा डोळा खोटा?’’

बायडाबाई सुनेपाशी गेली, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, आणि इतक्या वर्षांत जे बघितलं नव्हतं ते बघितलं. ‘‘काढ,’’ ती म्हणाली.

‘‘बाई, मागं व्हा,’’ मी ओरडले. ‘‘ती पेशंट आहे माझी.’’

‘‘तुमी गप बसा, कांबळेबाई. ही माजी सून हाय. काढून दाव म्हंते न्हवं!’’

मी मध्ये पडायच्या आत शालननं काढला. बोटानं खालची पापणी ओढली, आणि वाटी तळहातावर आली. किती सराईतपणे! त्या चार बायकांनी पदर तोंडाला लावले. एक ‘अगं बाई’ म्हणून बाहेर पळाली. चिमणाबाईच्या कडेवरची अनुजा मात्र हसली. तिला वाटलं, आईनं गोटी दिली. तिनं हात पुढं केला आणि शालन त्याही स्थितीत मागं सरकली, किरण लागतील म्हणून.

‘‘फसवलं,’’ बायडाबाईचा आवाज साऱ्या इमारतीत घुमत होता. ‘‘किडका माल आमच्या गळ्यात मारला. वर माज्या नातीत किडा सोडला. जोत्या, तुला म्हाईत व्हतं?’’

सगळ्यांनी जोतीरामकडे बघितलं. शालननंही. एका डोळ्याच्या जागी गुलाबी खळगा, दुसरा त्याच्यावर रोखलेला. त्यानं फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटला असता तर आईनं त्याला दोन शिव्या दिल्या असत्या, चार दिवस भाकरी आपटली असती. त्यापलीकडं काही बिघडणार नव्हतं.

‘‘मला तरी कुटं म्हाईत व्हतं, आये,’’ तो म्हणाला.

‘‘खोटारडा!’’ मी म्हटलं. ‘‘आत्ता, ह्या खुर्चीत बसून मला सांगितलंस.’’

‘‘तुमाला काय कळलं कुनाला ठावं,’’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

बायडाबाई लेकाला घेऊन निघाली. दारातून वळून तिनं पोरीकडे एकदा बघितलं. मला वाटलं, नातीला तरी नेईल. ‘‘दिवा म्हनत हुतो आमी त्याला,’’ ती थुंकावं तसं म्हणाली. पाण्याची बाटली तेवढी आठवणीनं उचलली.

शालननं खोटा डोळा परत बसवला. मग माझ्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला, ‘‘पोरीला कवा घिऊ मांडीवर?’’

‘‘उद्या सकाळी,’’ मी म्हटलं.

अनुजाचा उजवा डोळा पुढच्याच महिन्यात काढावा लागला. डाव्यात बारीक ठिपका सापडला, त्याला लेझर दिला. तो धरून राहील की नाही हे दर महिन्याला भूल देऊन बघायचं होतं. शालनचा पाय मांडीपासून गेला. जोतीराम एकदाही आला नाही. चिमणाबाईनं एक म्हैस विकली आणि दोघींना गडहिंग्लजला नेलं. शालन आईशी बोलते का, हे मी विचारलं नाही. एकाच पिशवीतून दोघी भाकरी खाताना दिसायच्या, एवढं खरं.

मी शालनला तीन-चारदा समोर बसवून समजावलं. तुझ्या आईनं केलं ते तू करायचं नाही. पोरीला कळायला लागलं की खरं सांग. शाळेत सांग, कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस की आधी हे सांग. हाड दुखलं, कुठं गाठ आली, तर दुसऱ्या दिवशी गाठायचं. उद्या हिला लेकरं झाली तर जन्मल्या दिवसापासून डोळे तपासायचे. तुला कुणी सांगितलं नाही म्हणून हे झालं. कळतंय? ती म्हणायची, ‘‘कळतंय, म्याडम.’’ आणि मान वर करून म्हणायची. मला बरं वाटायचं. वाटायचं, निदान इथं तरी हे थांबलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात ती तपासणीसाठी आली. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. अनुजा शेजारी बाकावर, उजव्या डोळ्यावर पट्टी, कारण खोटा डोळा अजून बसवायचा होता. चिमणाबाई पलीकडे पिशवी धरून. मी शालनचं नाव पुकारायला हॉलच्या दारात आले, तेव्हा चंदगडकडची एक वयस्क बाई पोरीच्या गालावरून हात फिरवत होती.

‘‘काय झालं गं लेकराच्या डोळ्याला?’’

चिमणाबाईनं मान फिरवली. मी दारातच थांबले. शालनचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिनं पोरीचं झबलं नीट केलं, केसांवरून हात फिरवला, आणि एक क्षणसुद्धा न अडखळता म्हणाली,

‘‘काटा लागला. बाभळीचा. रांगत हुती तवा.’’

‘‘आई आई गं,’’ ती बाई हळहळली. पिशवीतलं केळं सोलून तिनं पोरीच्या हातात दिलं. ‘‘जाऊ दे, काळजी करू नगं. काट्यानं गेलेल्या डोळ्याला कोन नावं ठेवतंय? लगीन जमंल की.’’

‘‘व्हय की,’’ शालन म्हणाली.

अनुजा एका डोळ्यानं माझ्याकडे बघत केळं खात होती. मी शालनचं नाव पुकारलं.